शेजारचा ससा

“काका, गेमचा कन्सोल घ्यायचा तर हाच घ्या,” दुकानातली मुलगी म्हणाली आणि कारणं सांगत सुटली. पडदा मोठा, चार्जिंग टिकतं, हातात धरून कुठेही खेळा. दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सुटे होतात, म्हणजे दोघांना शेजारी बसून खेळता येतं. शिवाय एक जण एका घरी, दुसरा दुसऱ्या घरी असला तरी चालतं.

शेवटचं मी ऐकलंच नाही. ‘शेजारी बसून’ एवढंच मला पुरेसं होतं. घटस्फोटानंतर माझी लेक शाल्मली दर रविवारी माझ्याकडे येते, पण हल्ली खाऊन झालं की घड्याळाकडे बघत बसते. हे खेळणं असलं तर संध्याकाळपर्यंत रमेल, असं वाटलं.

रविवारी तिच्या आवडीचे पोहे केले, वर ओलं खोबरं पेरलं. तेवढ्यात तिचाच फोन आला.

“बाबा, आईनंपण मला तोच घेऊन दिला! आता एवढ्या लांब यायलाच नको. चालू कर, मी सांगते तसं.”

आवाजात इतका आनंद होता, की मीही “अरे वा!” म्हणालो.

तिनं सांगितली ती बटणं दाबली. पडद्यावर हिरवंगार कुरण आलं. त्यात माझा ससा एकटाच उभा होता. मग पिवळा फ्रॉक घातलेला दुसरा ससा उड्या मारत आला आणि त्याला अगदी खेटून बसला.

“आले बघ, बाबा!”

“ये, बाळा,” मी म्हणालो आणि पोह्यांवर ताट झाकलं.