तांबडी किनार

बाबा पुन्हा झारी भरत होते. नळाखाली ती काठोकाठ भरू दिली, दोन्ही हातांनी उचलली आणि गच्चीच्या कोपऱ्यातल्या हिरव्या जाळीखाली नेली. सकाळी उठल्या उठल्या त्यांनी पाणी घातलं होतं. चहानंतरही घातलं होतं. मुलगी दारात उभी होती.

"बाबा, झालंय पाणी घालून."

"कुठे झालंय? माती बघ कशी कोरडी ठाक आहे." त्यांच्या बोटांतून चिखल ओघळत होता.

हाच माणूस जन्मभर कमी पाण्यावरच्या बागा लावत आला होता. वाळू, खडी, दगड आणि त्यात ऐटीत उभ्या कोरफडी. झाडाला पाणी घालायचा मोह झालाच, तर स्वतः ग्लासभर पाणी प्या आणि गप्प बसा, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. जाळीखालच्या ट्रेमध्ये होती ती त्यांची शेवटची मेहनत. लांबच्या कुठल्याशा डोंगरावरची ही कोरफड तिथेही आता मोजकीच उरली होती. बाबांनी ती बियांपासून वाढवली, फुलं यायची कित्येक वर्षं वाट पाहिली, ब्रशने एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडाच्या फुलांना लावले आणि ज्या बिया धरल्या त्या पुन्हा पेरल्या. रोपं आता कुठे करंगळीएवढी झाली होती.

आणि ती कुजत होती. बुडाशी पाणचट व्हायची, बोट लावलं की आडवी पडायची. मेलेलं रोप बाबा तळहातावर घेऊन बसायचे. "काय झालं गं ह्याला?" असं विचारायचे. ती सांगायची. ते नीट ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि झारी शोधायला उठायचे.

तिने झारी लपवली. ते तांब्याने घालू लागले. तांब्या लपवला, तर चहाच्या कपाने. शेवटी तिने गच्चीच्या दाराला कुलूप लावलं. त्या दिवशी बाबा दाराशी बसून राहिले. ओरडले नाहीत, चिडले नाहीत. "पोरं तहानली असतील गं," एवढंच अधूनमधून म्हणत राहिले. संध्याकाळ व्हायच्या आत तिने कुलूप काढलं.

मग तिने नर्सरीवालीला फोन केला. ती बाबांच्याच हाताखाली शिकलेली. दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर ती टेम्पो घेऊन आली. जगलेली सगळी रोपं दोघींनी चोरासारखी खाली नेली आणि त्यांच्या जागी बाजारातल्या साध्या कोरफडीची तेवढीच पिल्लं लावली.

"सरांना कळलं तर?" नर्सरीवालीने विचारलं.

"त्यांना आता काही कळत नाही," मुलगी म्हणाली, आणि तिला स्वतःचाच राग आला.

झोपून उठल्यावर बाबा गच्चीवर गेले. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिली. ते ट्रेवर वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते. मग सावकाश सरळ झाले, नळाशी गेले आणि त्यांनी झारी भरली. मुलगी ओट्याला टेकून रडली.

त्यानंतर घर शांत झालं. बाबा पाणी घालत. साधी पिल्लंही कुजत. बाबांच्या नकळत ती नवी आणून लावत असे. नर्सरीवाली फोन करून सांगायची, खरी रोपं सावरलीत, एकाला नवं पान फुटलंय. ही बातमी ज्यांना सांगायची, त्यांनाच सांगायची सोय नव्हती.

एकदा ती भल्या सकाळी पिल्लांची पिशवी घेऊन गच्चीवर गेली, तर बाबा आधीच तिथे होते. तिने पिशवी घाईघाईने मागे धरली. बाबा तिच्याकडे बघून हसले.

"या बाई. रोपं बघायला आलात?"

तिला वाटलं, थट्टा करताहेत. मग तिने त्यांचे डोळे पाहिले. नव्या गिऱ्हाइकाशी बोलताना असत, तसे ते अदबशीर होते. आजवर ते पुष्कळ काही विसरले होते. तिला कधी विसरले नव्हते.

"हो," ती कशीबशी म्हणाली.

"ही माझी नाहीत," बाबा आवाज खाली आणून म्हणाले. "बाजारातली आहेत. माझ्या रोपांच्या पानांना तांबडी किनार असते. मुलीनं बदलली माझ्या. मी बुडवत होतो ना त्यांना. चांगलं केलं तिनं."

"मग ह्यांना पाणी कशाला घालता?"

"ती तिथून बघत असते." त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "मी थांबलो, तर मला समजलंय हे तिच्या लक्षात येईल. फार मनाला लावून घेते हो पोरगी. रडत बसेल." त्यांनी झारी कलती केली. पाणी ट्रेमधून वाहून त्या दोघांच्या पायांशी आलं. "तुम्हाला भेटली, तर बोलू नका हं काही."

"नाही बोलणार, काका," ती म्हणाली.