पुस्तकातली बाई

ब्रूज शहरातल्या योरिस नावाच्या व्यापाऱ्याने बायको नवी आणली, पण प्रार्थनेचं पुस्तक जुनंच चालवायचं ठरवलं. बाळंतपणात गेलेली पहिली बायको त्यातल्या चित्रात मारियामातेपुढे गुडघे टेकून बसली होती.

"झगा, कुत्रं, सगळं तेच राहू द्या. चेहरा तेवढा हिचा करा," चित्रकाराला एवढं सांगून तो वखारीकडे गेला.

म्हातारा चित्रकार चाकूने जुना चेहरा खरवडू लागला. आठवा महिना लागलेली नवी बायको, कातेलिना, बघत राहिली.

"काका, ही रोज प्रार्थना करायची का हो?"

"पानं बघ ना पोरी, हाताळून हाताळून काळी पडलीत."

तिने पोटावर हात ठेवला.



"मग माझा रंग पातळच लावा, काका. पुढच्या वेळी खरवडायला सोपं जाईल."