नव्व्याण्णव

फिनिक्समध्ये त्या आठवड्यात दुपारचा पारा रोज एकशे सोळा फॅरनहाइटवर, म्हणजे जवळजवळ सत्तेचाळीस सेल्सियसवर, जात होता. एकट्या राहणाऱ्या हॅस्केटबाईंचा एसी शेवटच्या घटका मोजत होता, आणि "देखभाल केली नाही" असं कारण देऊन घरातली यंत्रं दुरुस्त करून देणाऱ्या आमच्या वॉरंटी कंपनीकडे केलेला त्यांचा दावा मीच फेटाळला होता. त्यांनी फेरतपासणी मागितली. मग नियमाप्रमाणे मी त्यांना रोज दुपारी घरातलं तापमान दाखवणाऱ्या भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचा फोटो पाठवायला सांगितलं.

पहिल्या दिवशी एक्याण्णव, दुसऱ्या दिवशी शहाण्णव, आणि मग सलग तीन दिवस नव्व्याण्णव.

"अगं पोरी, या डबड्यात दोनच आकडे मावतात. नव्व्याण्णवच्या पुढे त्याला मोजताच येत नाही!" बाई फोनवर धापा टाकत म्हणाल्या.

"सगळे काही ना काही सांगतातच, बाई," मी म्हटलं आणि फाइलवर शेरा मारला : तापमान स्थिर आहे, म्हणजे एसी चालू आहे. साहेब म्हणाले, "शाब्बास! चांगलं पकडलंस म्हातारीला."

आज फोटो आलाच नाही.



फोटो आला नाही की तक्रार मिटली असं धरायचं, हा आमचा नियम आहे.