मियाकोचा शिक्का

"तीन वर्षांत एकच पेपर?" कुसे बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"एकच, मॅडम." समोरची मुलगी ओशाळली. "पण तीनशे बायकांच्या रक्ताचे नमुने जपलेत. अजून दोन वर्षं मिळाली, तर गाठ पुन्हा होणार का ते आधीच सांगता येईल."

स्तनाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या नव्या संशोधकांना एक संस्था पाच वर्षं अनुदान देई. मध्येच कुणाचं तोडायचं, कुणाचं चालू ठेवायचं, हे कुसे बाई ठरवणार होत्या. जपानमधल्या सेंदाई शहरातली ही सातवी संशोधक, इगाराशी मियाको. नियम कडक. अनुदान त्याच माणसाचं. तो नसला की बंद, आणि फ्रीजरमधले नमुने कचऱ्यात.

बाईंना गेलं वर्षभर कशाचंच काही वाटत नव्हतं. समोरचा चहा गार झाला होता. तो त्यांनी तसाच प्यायला.

"तुमचे अहवाल आधी कायम उशिरा यायचे. गेल्या वर्षीपासून अगदी तारखेला?"

"सुधारले म्हणायचं, मॅडम!" मुलगी हसली आणि ढगळ कोटाच्या बाह्या मागे सारू लागली.

"बरं. इथे सहीच्या जागी तुमच्या नावाचा शिक्का मारा."

मुलीनं ड्रॉवरमधून छोटी डबी काढली. कागदावर लाल अक्षरं उमटली. नुसतं 'मियाको'. शिक्क्याच्या कडेचा टवका उडालेला.

"आडनाव नाही?"

"अं... पहिल्यापासून असाच आहे."

"मुलींचा असाच करतात. लग्नात आडनाव बदललं तरी शिक्का वाया जात नाही."

"हो ना! आई अगदी हेच म्हणाली होती."

बाईंनी कागद पुढे ओढला. त्यांनी पेन उचललं, 'पुढची दोन्ही वर्षं चालू ठेवावं' असं लिहिलं आणि कागद पिशवीत घातला. मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती कमरेत वाकून आभार मानत राहिली.

दारात बाई वळल्या. "वेळेवर जेवत जा गं. आणि शिक्का जप. एकदा पडलाय तो, विसाव्या वाढदिवसालाच."

मुलगी पांढरीफटक पडली. "मॅडम, तुम्हाला कसं..."

बाई जिना उतरू लागल्या. तो शिक्का त्यांनीच कोरून घेतला होता. आणि बापाचं आडनाव लावणाऱ्या आपल्या लेकीच्या, खऱ्या मियाकोच्या अस्थी चौदा महिन्यांपूर्वी त्यांनीच तिथल्या रीतीप्रमाणे चॉपस्टिकनं एकेक करून कलशात ठेवल्या होत्या.