सेन्सर आणि भावाची हळद

वाचकहो, येथे कर्तव्य आणि संसार यांच्या कसोटीचा एक प्रसंग सादर करीत आहे.

विमानतळावर तंत्रज्ञ हेमराज गायधने यांनी विमानाची वीज बंद करून, इंजिनातील आगीची सूचना देणाऱ्या उष्णता-सेन्सरला मीटर लावला. आकडा चुकीचा आला. टोके पुसूनही तोच आला. याच विमानाने त्यांची पत्नी भावाच्या हळदीला निघाली होती.

प्रतीक्षा कक्षातून तिचा फोन आला. "अहो, विमान कधी सुटणार? तिकडे हळद लागायची!"

"सेन्सर बदलावा लागेल, कुंदा. हळद चुकेल."

"मी जातेय म्हणून घाबरताय! एरवी सोडलं असतंत."

गायधने यांनी क्षणभर स्वतःचे मन तपासले. "तू नसतीस, तरी सोडलं नसतं."

"बरं," ती हळूच म्हणाली, "दादाला मीच कळवते."

आपण वाचलेत, ऋणी आहे.
— वामन खोब्रागडे