अर्धी भिंत

गोडादरा भागातल्या रंगाच्या दुकानात उखाकाकांनी लांब केसांचा जाडजूड रोलर उचलला, कारण तो रंग जास्त पितो आणि काम पटकन उरकतं. मी आखूड केसांचा घेतला. आमच्या पुढच्या खोलीची भिंत पुट्टी घासून मस्त गुळगुळीत झाली होती आणि मला ती तशीच हवी होती.

"हाई काय पोरीस्नं काम शे?" काका हसले. "तू दहावीचं बघ."

"दहावीचं बघूनच आले. अर्धी भिंत तुमची, अर्धी माझी."

पप्पांनी मला बजावलं, "खराब झाली तर परत रंगाला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी काकांची अर्धी भिंत मोसंबीच्या सालीसारखी खडबडीत दिसत होती. पप्पांनी कपाट सरकवून ती झाकली. माझ्या अर्ध्यावर हात फिरवला तर कुठेच अडकत नव्हता.

संध्याकाळी भेस्तानच्या वत्सलामावशी आल्या. माझ्या अर्ध्या भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "उखाभाऊ, काय हात आहे तुमचा. आमची खोलीपण तुम्हीच रंगवा."

काकांनी मिशीवरून बोट फिरवलं. "रंगवून देऊ ना, ताई."

पप्पा पंख्याकडे बघत राहिले.



मी चहाच्या ट्रेमध्ये कपांशेजारी काकांचा तो केसाळ रोलर ठेवला आणि म्हणाले, "काका, मावशींकडे हा तुमचा घेऊन जा. माझा मी देणार नाही."