शिळं पाणी

सावनीनं रांजण कसाबसा तिरका केला आणि तळाचं पाणी पायऱ्यांवरून सोडून दिलं. त्याआधीच्या बारा-तेरा बादल्या तिनं अंगणातल्या कडुनिंबाला घातल्या होत्या. न्हाणीघरातला नळ वाजला आणि तिनं हे काम काढलं. घरी, शहरातल्या उस्मानपुऱ्यात, नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं. ते आलं की गल्लीतल्या बायका आधी साठवलेलं शिळं म्हणून ओतून देत आणि मग ताजं भरून घेत. पाण्याची एवढी ओरड आणि वर हा थाट. पण सुट्टीवर जाताना माणूस कपडे निवडून घेतो, सवयी न सांगता बरोबर येतात.

फुलंब्रीच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी तो दगडी बंगला होता. निजामाच्या काळात कुणा अंमलदारानं शिकारीसाठी बांधलेला. आता सुट्टीवाल्यांना भाड्यानं मिळायचा. हर्सूलच्याही पुढं उठलेल्या नव्या इमारती मागं टाकत तिघंजण काल इथं पोहोचले होते. आज सकाळीच नवरा हिमांशू लेकीला, स्वरालीला, घेऊन डोंगर चढायला गेला. सावनी विश्रांतीसाठी मागं राहिली, म्हणजे तिनं अर्ध्या तासात काम शोधून काढलं.

नळाखाली लावलेली बादली निम्मी भरली. मग नळ दोनदा खोकला आणि बंद पडला.

बंगल्याची राखण करणारा कारभारी आणि त्याची बायको गीताबाई मागच्या दोन खोल्यांत राहत. गीताबाई नवं लुगडं नेसून मागच्या ओसरीवर आली. तिनं रांजणात पाहिलं, मग ओल्या अंगणाकडं पाहिलं.

"वतलं व्हय, ताई?"

"शिळं होतं ना. नळ आला, म्हटलं ताजं भरून ठेवू."

"नळाला टाकीतलं येतं. टाकी टँकरनं भरत्यात, पाहुण्यांपुरती. टँकर आता शनवारी." तिचा आवाज चढला नाही. "रांजण आमचा व्हता. सावलीला म्हून इथं ठेवला व्हता."

मग तिनं उरलेलं सांगितलं. तिचा मुलगा कृष्णा फुलंब्रीत गॅरेजवर कामाला होता. तीस वर्षांचा, निर्व्यसनी, हातात कसब असलेला. तीन ठिकाणच्या लोकांना मुलगा पसंत पडला आणि गावातलं पाणी पाहून तिघंही परत गेले. सलग तिसरं साल कोरडं चाललं होतं. जिथं लेकीला जन्मभर डोक्यावर हंडे वाहावे लागतील तिथं कोण मुलगी देतो? आज चौथे पाहुणे घर बघायला येणार होते. त्यांना भरला रांजण दिसावा म्हणून वस्तीतल्या प्रत्येक घरानं आपल्या वाट्यातली एकेक घागर आणून त्यात ओतली होती.

आपण किती घरांचं पाणी झाडाला घातलं, हे सावनीला विचारवेना. "मी गाडी घेऊन जाते, पाण्याचे जार आणते," ती म्हणाली. गाडीची किल्ली हिमांशूच्या खिशात, डोंगरावर होती. ती असती तरी उपयोग नव्हता, कारण तेवढ्यात जीप फाटकातून आत आली.

मुलीचे वडील सर्जेराव उतरले, मागून त्यांची बायको द्वारकाबाई. वैजापूरकडची शेतकरी माणसं, उन्हानं रापलेली. कारभारी हात जोडून पुढं झाला. त्याला अजून काहीच ठाऊक नव्हतं. आपण काय बघायला आलोय हे द्वारकाबाईला पक्कं ठाऊक होतं. ती ओसरीला वळसा घालून थेट रांजणापाशी गेली.

"रिकामा हाय," ती नवऱ्याला म्हणाली.

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभा असलेला कृष्णा हळूच आत सरकला. चौथ्यांदा कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

सावनी पुढं आली. "चूक माझी आहे. रांजण काठोकाठ भरलेला होता. मला पाणी शिळं वाटलं, म्हणून मी सगळं ओतून दिलं."

"शिळं म्हून?" सर्जेरावांनी विचारलं.

"हो."

सर्जेरावांनी ओल्या पायऱ्या पाहिल्या. कडुनिंबाच्या आळ्यात अजून तुंबलेलं पाणी पाहिलं. मग ते बायकोकडं वळले.

"ऐकलं का? आपण भांडी धुतल्यालं पाणी म्हशीला दावतो. इथं प्यायचं पाणी शिळं म्हून झाडाला घालत्यात." त्यांनी कारभाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "सुपारी फोडा, पाव्हणं. मोनिका दिली तुमच्या घरात."

सावनीनं तोंड उघडलं. ते पाणी घरोघरचं उसनं होतं, एवढं एक वाक्य पुरे होतं. तिला त्या न पाहिलेल्या मोनिकाची दया आली, आणि त्याच वेळी आपण सुटलो म्हणून हायसंही वाटलं. त्या हायसं वाटण्याची तिला लाज वाटली. गीताबाई तिच्याकडं पाहत नव्हती, सुपारीचं ताट आणायला आत गेली होती. सावनीनं तोंड मिटलं.

गूळ वाटून झाला, जीप गेली. कृष्णा मित्रांना फोन करत फाटकाशी फेऱ्या मारू लागला. गीताबाई नळाखालची अर्धी बादली उचलून रांजणात ओतत होती, एक थेंबही न सांडता. सावनी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"गीताबाई, लग्न होऊन आली की तिला कळेलच ना?"

"कळंल की," गीताबाई म्हणाली. "माझ्या बापाला इथली विहीर दावली व्हती. माझ्या सासऱ्यानं चार दिस बैलगाडीनं पिंपं आणून वतली व्हती तिच्यात."